नदीकाठचा प्लॉट मालकाचा, पण नदी कोणाची? भराव आणि राडारोडा टाकणाऱ्यांविरुद्ध गावकरी काय करू शकतात

नाशिक : रात्री उशिरा डंपर येतो, पुलाच्या बाजूने खाली उतरतो, पाच मिनिटांत रिकामा होऊन निघून जातो. सकाळी नदीच्या काठावर विटांचे तुकडे, तुटलेल्या फरशा, सिमेंटचे गोळे आणि मुरमाचा नवा ढीग दिसतो. आठवड्याभरात जेसीबी येतो आणि ढीग सपाट करतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागेवर तारेचं कंपाउंड उभं राहतं. आणि पावसाळ्यात समोरच्या काठावरच्या शेतकऱ्याच्या बांधाला भगदाड पडतं.

गोदावरी, दारणा, कादवा, वालदेवी, मोसम, गिरणा, आरम. नदीचं नाव बदलतं, प्रकार तोच असतो. यात नुकसान होणाऱ्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : "त्याच्या मालकीची जागा आहे, आपण काय करणार?" हे उत्तर चुकीचं आहे. काठावरची जमीन खासगी असू शकते, पण नदीचं पात्र खासगी नसतं. कायदा काय सांगतो, तक्रार कोणाकडे करायची आणि तक्रारीत काय लिहायचं, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

नदीतच का टाकतात?

यामागे साधा हिशोब आहे. जुनं घर पाडलं, विहीर खोदली, रस्ता उकरला की राडारोडा निघतो. तो रीतसर जागी नेऊन टाकायचा तर डिझेल लागतं, वेळ जातो, कधी पैसेही भरावे लागतात. दुसरीकडे नदीकाठच्या प्लॉटमालकाला भराव हवा असतो. त्याची जागा खोलगट असते, पुराचं पाणी येतं, म्हणून ती उंच करायची असते. ठेकेदाराला टाकायला जागा मिळते, मालकाला फुकटात भराव मिळतो. दोघांचा फायदा होतो, भुर्दंड मात्र नदीला आणि खालच्या गावाला बसतो.

लॉन्स, हॉटेल, फार्महाऊस, गोडाऊन, प्लॉट पाडलेलं लेआउट, पोल्ट्री, वीटभट्टी असं काहीही काठावर असू शकतं. काही ठिकाणी शेतकरीही ओढ्यात मुरूम टाकून चार गुंठे वाढवतात. शिवाय सडलेला कांदा, भाव पडल्यावर फेकलेला टोमॅटो, पोल्ट्रीची घाण, औषधांच्या रिकाम्या बाटल्या हेही ओढ्यातच जातं. राडारोडा पाण्याची वाट अडवतो, सडका माल पाणी खराब करतो. कायद्यात दोन्हींसाठी वेगवेगळ्या तरतुदी आहेत, पण टाकणाऱ्याची सवय एकच आहे.

शंभर ट्रॉल्यांचं गणित

"एक-दोन ट्रॉल्या माती टाकल्याने नदीला काय होतं?" असं विचारणारे बरेच असतात. त्यासाठी हे गणित पाहा.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास माल बसतो असं धरू. १०० ट्रॉल्या म्हणजे १०,००० घनफूट. एवढ्या मालात १० फूट रुंद, १० फूट उंच आणि १०० फूट लांब भराव तयार होतो.

आता समजा ओढा ४० फूट रुंद आहे आणि मोठ्या पावसात त्यात ६ फूट पाणी वाहतं. भरावामुळे रुंदी ३० फूट उरली. वरून येणारं पाणी तेवढंच आहे. पाण्याचा वेग तोच धरला तर आता ६ फुटांच्या जागी ८ फूट पाणी चढेल. काठ ७ फुटांचे असतील, तर जो ओढा कधी बाहेर येत नव्हता तो शेतात घुसणार. पाणी चढलं नाही तर ते जोरात पळेल. जोरात पळणारं पाणी समोरचा मऊ काठ खातं. म्हणजे एकाचा प्लॉट १० फुटांनी वाढतो आणि समोरच्याची जमीन वाहून जाते.

पुढचा भाग आणखी वाईट असतो. भराव पक्का दाबलेला नसेल तर पहिल्या मोठ्या पुरात तो सुटतो आणि पुढच्या पुलाच्या मोरीत, बंधाऱ्यात किंवा धरणात जाऊन बसतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्यांमागे गाळ साठला की पाणी कमी साठतं. मग उन्हाळ्यात पाणीयोजनेची विहीर लवकर तळ गाठते. भराव टाकला एकाने, टँकर लागतो सगळ्या गावाला.

नाशिकने हे भोगलं आहे

सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला आलेल्या पुराने नाशिक शहर हादरलं. नदीकाठी किती आणि कशी बांधकामं झाली आहेत, याची चर्चा त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाली आणि शहरातल्या पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा मोठे पूर आले. शहरात लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची उंची मोजतात. निफाड तालुक्यात मात्र मोजायला वेळ मिळत नाही. सायखेडा आणि चांदोरीत पाणी थेट बाजारपेठेत आणि घरात शिरतं.

हे समजायला पाण्याची वाट पाहावी लागते. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघते, गंगापूर धरण आणि नाशिक शहर ओलांडून निफाडकडे जाते. शहरातच तिला नासर्डी म्हणजे नंदिनी आणि वाघाडी येऊन मिळतात. वालदेवी दारणेला मिळते, दारणा इगतपुरीकडून येऊन गोदावरीला मिळते, कादवा दिंडोरी-निफाडमधून येते. हे सगळं पाणी आणि त्यासोबतचा गाळ, राडारोडा, सांडपाणी शेवटी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात येतं. हा बंधारा ब्रिटिश काळातला आहे आणि गाळाने भरल्याची तक्रार जुनीच आहे. याच जलाशयाला जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. म्हणजे वरच्या तालुक्यात ओढ्यात पडलेली ट्रॉली ही फक्त त्या गावाची गोष्ट राहत नाही.

सायखेड्याच्या पुलाला अडकणाऱ्या पाणवेली सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या सांडपाण्यावर पोसतात, वाहत येऊन पुलाच्या खांबांना अडकतात आणि पाणी तुंबवतात. आधीच अरुंद झालेलं पात्र, त्यात पाणवेलीचा बूच, आणि वरून धरणाचा विसर्ग. मग पूर येणारच.

गोदावरीच्या प्रदूषणाबद्दल २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने 'नीरी' या संस्थेकडून उपाय मागवले आणि वेळोवेळी प्रशासनाला आदेश दिले. सामान्य नागरिकांनी केलेल्या तक्रारीतून हे घडलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी जिल्ह्यात रस्ते, पूल, इमारतींची कामं वाढली आहेत. काम वाढलं की निघणारी माती आणि राडारोडाही वाढतो. तो कुठे जातो, यावर गावांनीच डोळा ठेवायला हवा.

नदी कोणाच्या मालकीची?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० याचं उत्तर देतं. नद्या, ओढे, नाले, तलाव यांची पात्रं आणि वाहतं पाणी, जिथे कोणाचा वेगळा कायदेशीर हक्क सिद्ध झालेला नाही तिथे, राज्य शासनाच्या मालकीचं आहे. त्यामुळे पात्रात भराव टाकणं म्हणजे सरकारी जमिनीवर अतिक्रमण आहे. अशी अतिक्रमणं हटवण्याचा अधिकार याच संहितेच्या कलम ५० मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे.

मग नाला एखाद्याच्या गटातूनच वाहत असेल तर? इथे सातबारा नीट वाचावा. त्यात 'पोटखराबा' असा रकाना असतो. पोटखराबा 'अ' म्हणजे लागवडीला योग्य नसलेली जमीन. पोटखराबा 'ब' म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली किंवा रस्ता, पायवाट, इतर लोकही वापरत असलेला ओढा किंवा तळं यांच्याखाली असलेली जमीन. तिच्यावर आकारणी होत नाही. गटात ओढा पोटखराबा 'ब' म्हणून नोंदलेला असेल, तर "सातबारा माझा आहे" एवढं म्हणून तो बुजवता येत नाही.

दुसरा पुरावा म्हणजे गाव नकाशा. त्यात नदी, नाले आखलेले असतात. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल मिळते आणि ऑनलाइन भूनकाशावरही गट पाहता येतो. हद्दीचा वाद झालाच तर शेवटचा शब्द मोजणीचा. म्हणून तक्रारीत "शासकीय मोजणी करून नदीची हद्द कायम करावी" ही मागणी जरूर लिहावी.

निळी रेषा, लाल रेषा

पात्राच्या बाहेर, पण पुराच्या आत असलेल्या जागेचं काय? त्यासाठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी म्हणजे निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी म्हणजे लाल रेषा.

नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो. तिथे बांधकामाला परवानगी नसते. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटी घालून मर्यादित परवानगी मिळू शकते. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ "आता पुढची २५ वर्षं निवांत" असा नाही. लागोपाठ दोन वर्षंही तसा पूर येऊ शकतो. २०१६ नंतर तीनच वर्षांत गोदाकाठाने पुन्हा मोठा पूर पाहिला.

सगळ्या ओढ्या-नाल्यांना पूररेषा आखलेली नसते. पण रेषा नाही म्हणून पात्र बुजवायची मोकळीक मिळत नाही. कलम २० तिथेही लागूच राहतं.

इतर कायदे

पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९७४ च्या कलम २४ नुसार जाणूनबुजून प्रवाहात विषारी किंवा प्रदूषण करणारा पदार्थ सोडायला मनाई आहे. प्रवाह अडून प्रदूषण आणखी वाढेल असं काही टाकायलाही मनाई आहे. पोल्ट्रीची घाण, सडका माल, रसायनांचे डबे यासाठी हा कायदा महत्त्वाचा. अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. त्याचं प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच आहे.

घनकचऱ्याच्या नियमांत २०१६ पासूनच स्पष्ट आहे की कचरा करणाऱ्याने तो रस्त्यावर, मोकळ्या सार्वजनिक जागेत, गटारीत किंवा पाण्यात टाकायचा नाही. त्याच वर्षी बांधकामाच्या राडारोड्यासाठी वेगळे नियम आले. राडारोडा ज्याच्या बांधकामातून निघाला, तो नीट साठवण्याची आणि ठरलेल्या जागी पोचवण्याची जबाबदारी त्याचीच. "ठेकेदाराला दिला, त्याने कुठे टाकला मला माहीत नाही" हे उत्तर पुरत नाही.

मुरूम हे गौण खनिज आहे. परवानगी आणि रॉयल्टीशिवाय ते काढणं आणि वाहून नेणं हा महसूल संहितेच्या कलम ४८ खाली कारवाईचा विषय आहे. दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो आणि वाहन जप्त होऊ शकतं. म्हणून भरावात मुरूम असेल तर "हा मुरूम कुठून आणला, परवाना दाखवा" हा प्रश्न तहसीलदारांनी विचारावा, अशी मागणी करता येते.

फारसं माहीत नसलेलं कलम : १५२

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचं कलम १५२ गावाच्या फार उपयोगाचं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १३३ होतं. लोक कायदेशीरपणे वापरत असलेल्या नदी, प्रवाह, रस्ता किंवा सार्वजनिक जागेतला अडथळा किंवा उपद्रव काढून टाकण्याचा सशर्त आदेश उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत, या कलमाखाली देऊ शकतात. समोरच्याने एक तर अडथळा काढायचा, नाहीतर ठरलेल्या तारखेला हजर राहून आपली बाजू मांडायची. आदेश कायम होऊनही त्याने पाळला नाही, तर प्रशासन स्वतः अडथळा काढून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकतं.

या जुन्या कलमाची ताकद १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात दाखवली. उघड्या गटारी आणि घाणीबद्दल रहिवाशांनी तक्रार केली होती. पैसे नाहीत, हे नगरपालिकेचं कारण न्यायालयाने मान्य केलं नाही.

बियास नदीचा धडा

जागेचा मालक मोठा असला तर? हिमाचल प्रदेशातलं प्रकरण इथे सांगण्यासारखं आहे. कुलू-मनाली भागात बियास नदीच्या काठावर स्पॅन मोटेल्स या कंपनीचं मोटेल होतं. १९९५ मध्ये नदीला पूर आला. आपली जागा वाचवण्यासाठी तिथे बुलडोझर लावून नदीचा प्रवाह वळवण्याचं काम झालं. पात्रात खोदकाम झालं, काठावर दगड आणि काँक्रीटचे ठोकळे रचले गेले.

१३ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने म्हटलं की नदी, समुद्रकिनारा, जंगल यांसारख्या गोष्टींचं सरकार हे मालक नाही तर विश्वस्त आहे. लोकांच्या वतीने ते त्या सांभाळतं. म्हणून सरकारलाही त्या खासगी फायद्यासाठी कोणाला देऊन टाकता येत नाहीत. दिलेला भाडेपट्टा रद्द झाला, जागा पूर्ववत करण्याचा खर्च कंपनीवर टाकला गेला आणि पुढे २००२ मध्ये १० लाख रुपयांची जरब बसवणारी भरपाईही भरायला लावली.

मुंबईकरांना हाच धडा २६ जुलै २००५ ला मिळाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भराव, अतिक्रमणांनी आक्रसलेली मिठी नदी शहरात शिरली. पाऊस कोणाच्या हातात नव्हता. पण नदी अरुंद करणं माणसाच्याच हातात होतं.

मालकांची नेहमीची उत्तरं आणि त्यांचा खरेपणा

*"नदी माझी जमीन खाते, म्हणून भराव टाकला."* हे दुखणं खरं असू शकतं. काठ ढासळून अर्धा एकर गेलेला शेतकरी गप्प बसणार नाही. पण राडारोड्याने काठ वाचत नाही, धक्का फक्त समोरच्याकडे ढकलला जातो. काठ राखायचा तर जलसंपदा विभागाकडे संरक्षक भिंत, दगडी पिचिंग किंवा जाळीतल्या दगडांची मागणी करावी. काठावर बांबू, वाळा, करंज लावल्याने माती धरून राहते. जमीन नदीत गेली असेल तर आकारणी कमी करून घेण्याची तरतूद महसूल संहितेत आहे.

*"कायद्यातच काठ भरायला सूट आहे."* पाणी कायद्याच्या कलम २४ मध्ये काठ राखण्यासाठी किंवा जमीन भरून काढण्यासाठी प्रदूषण न करणारं साहित्य टाकणाऱ्याला सूट आहे, हे खरं. पण ती सूट त्या कलमाच्या गुन्ह्यापुरतीच आहे. सरकारी पात्रावरचं अतिक्रमण, पूररेषेचं उल्लंघन, विनापरवाना मुरूम यातून ती कोणाला सोडवत नाही.

*"गाळ टाकायला तर सरकारचीच योजना आहे."* 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत धरण-तलावातला गाळ काढून शेतात नेतात. इथे गाळ पाण्यातून शेतात जातो. राडारोडा काठावर आणून टाकणं याच्या अगदी उलट आहे.

*"वर्षातून चार दिवस पाणी येतं, बाकी नाला कोरडाच."* नाला त्या चार दिवसांसाठीच असतो.

तक्रार कशी करायची?

पहिलं काम पुराव्याचं. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून फोटो आणि व्हिडिओ काढा. फोटोत पूल, मंदिर, विजेचा खांब अशी कायमची खूण येऊ द्या. जागा ओळखू आली पाहिजे. भराव पडण्याआधीचा फोटो सर्वांत मोलाचा. तो नसेल तर गुगल अर्थवर त्या जागेची जुनी उपग्रह छायाचित्रं पाहता येतात, त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. वाहनाचा नंबर दिसला तर लिहून ठेवा. रात्री एकट्याने गाडी अडवायला जाऊ नका. वाद, मारामारी झाली की मूळ विषय बाजूला पडतो. भराव चालू असताना दिसला तर ११२ ला फोन करा आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे तलाठ्यांना, कळवा.

दुसरं काम लेखी अर्जाचं. अर्ज तहसीलदारांच्या नावाने करा. प्रती प्रांत, जलसंपदा विभागाचं उपविभागीय कार्यालय आणि ग्रामपंचायतीला द्या. घाण, रसायन, पोल्ट्रीचा कचरा असेल तर एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. तोंडी सांगून काही उपयोग नाही. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

तिसरं काम ग्रामसभेचं. विषय पत्रिकेवर घ्यायला लावा आणि ठराव करा. एका माणसाच्या तक्रारीला "आपसातलं भांडण" म्हणून बाजूला सारता येतं, गावाच्या ठरावाला तसं सारता येत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण आणि जिल्ह्यातल्या इतर पेसा गावांत लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनाबाबत पंचायत आणि ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. तिथला ठराव अधिक वजनदार ठरतो.

चौथं काम पाठपुराव्याचं. महिनाभरात काही हाललं नाही तर माहिती अधिकारात विचारा : माझ्या अर्जावर काय कारवाई झाली, पंचनामा झाला का, त्याची प्रत द्यावी, भरावासाठी कोणाला परवानगी दिली का. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "आमच्या कार्यालयाने परवानगी दिलेली नाही" असं लेखी उत्तर मिळालं तरी तो तुमच्या बाजूचा भक्कम कागद आहे.

तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा रस्ता आहे. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी तिथे ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, उशिराचं पटणारं कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. पूर्ववत करणं आणि भरपाई मागायची तर मुदत ५ वर्षांची आहे. म्हणून पहिला भराव कधी दिसला ती तारीख लिहून ठेवणं फार महत्त्वाचं.

अर्जात एवढं असावं

"मौजे ____, ता. ____ येथील ____ नदीच्या / नाल्याच्या पात्रात गट क्र. ____ लगत दि. ____ पासून राडारोडा व मुरमाचा भराव टाकला जात आहे. त्यामुळे पात्र अंदाजे ____ फुटांनी अरुंद झाले असून पावसाळ्यात गट क्र. ____ व गावठाणात पाणी शिरण्याचा धोका आहे. तरी (१) जागेचा पंचनामा करावा, (२) भूमी अभिलेखामार्फत मोजणी करून नदीची हद्द कायम करावी, (३) भराव तातडीने थांबवून संबंधिताच्या खर्चाने काढून टाकावा, (४) मुरमाच्या परवान्याची तपासणी करावी, (५) आवश्यक तेथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार कार्यवाही व्हावी. सोबत : फोटो, गाव नकाशाची प्रत, ग्रामसभेचा ठराव."

अर्जात शिवीगाळ, राजकीय आरोप, ऐकीव गोष्टी नकोत. जेवढं दिसलं आणि मोजलं तेवढंच लिहा. भराव कोणी टाकला याची खात्री नसेल तर नाव लिहू नका, गट नंबर लिहा. मालक शोधणं हे महसूल खात्याचं काम आहे.

पावसाळ्याआधीच का?

भराव ताजा असताना काढणं सोपं असतं. जेसीबीचं दोन दिवसांचं काम असतं. वर्ष गेलं की त्यावर शेड उभी राहते, विजेचं मीटर येतं, मग "आमची वहिवाट आहे" असं सांगितलं जातं आणि प्रकरण तारखांमध्ये अडकतं. पूर आल्यावर होणारा पंचनामा हा नुकसानीचा असतो. त्यात पीक किती गेलं ते लिहिलं जातं, पात्र कोणी अरुंद केलं ते लिहिलं जात नाही. म्हणून भरावाचा पंचनामा पाणी येण्याआधीच व्हायला हवा.

ग्रामपंचायतीलाही स्वतःकडे पाहावं लागेल. गावचा कचरा टाकायला जागाच ठरवलेली नसेल तर लोक ओढाच शोधणार. घर पाडणाऱ्याला राडारोडा कुठे टाकायचा हे पंचायतीने सांगितलं, एखादा जुना खाणीचा खड्डा रीतसर परवानगीने त्यासाठी राखला आणि पाणंद रस्त्याच्या भरावाला चांगला राडारोडा वापरला, तर निम्मे ढीग नदीपर्यंत पोचणारच नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी कायदा आहे. तो वापरायला फोटो, गट नंबर, तारीख आणि पोच एवढी चार कागदपत्रं हाताशी असली तरी सुरुवात करता येते.